माणिकरावांचं कुलूप

फाईल पाठवायची वेळ झाली की माणिकराव चपला काढतात. आधी चपला, मग पंखा बंद, मग खांद्यावरचा टॉवेल डोक्यावरून पुढे ओढून ते कॉम्प्युटरसकट आत गडप होतात. पाथरीच्या या ऑफिसात मी रुजू झाले त्या दिवशी मला वाटलं, हे वाफ घ्यायला बसलेत. मी आपुलकीनं विचारलं, "सर्दी झालीय का?"

टॉवेलच्या आतून आवाज आला, "बोलू नका म्याडम. पासवर्ड घालायलोय."

आमचं काम तसं साधं. गावोगावची माणसं विहिरींची पाणीपातळी मोजून आम्हाला कळवतात. आम्ही ते आकडे एका फाईलीत भरतो आणि ती फाईल पुण्याच्या माहिती संकलन केंद्राला पाठवतो. उन्हाळ्यात कुठल्या गावाला आधी टँकर लागणार, याचा अंदाज तिथून निघतो. फाईलीत शेतकऱ्यांची नावं, फोन नंबर, गट नंबर असतात, म्हणून तिला पासवर्डचं कुलूप लावून पाठवायची पद्धत आहे. दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात हे काम बटण दाबलं की संपलं असतं.

माणिकराव बटण दाबण्याला काम मानत नाहीत. "धाडणं येगळं, पोचणं येगळं," असं त्यांचं म्हणणं. पडद्यावर 'फाईल मिळाली' अशी हिरवी खूण आली की आम्ही चहा सांगतो. माणिकराव त्या हिरव्या खुणेकडे लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाकडे बघावं तसे बघतात. "त्यो 'झालं' म्हनायलाच बसलाय तिथं. तसदीक कुठं झाली?"

ही तसदीक, म्हणजे खातरजमा, हा एक सोहळाच. प्रत्येक फाईलीची एक खूण काढता येते, अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक माळ. फाईलीत एक टिंब जरी इकडचं तिकडं झालं तरी ती माळ बदलते. इथली माळ आणि पुण्याची माळ जुळली तर फाईल जशीच्या तशी पोचली. केंद्रातलं यंत्र हे आपोआप जुळवतं. तरी माणिकराव तिथल्या अनघाला फोन लावतात आणि अख्खी माळ वाचून दाखवतात. फोनवर बी आणि डी सारखंच ऐकू येतं, म्हणून प्रत्येक अक्षराला त्यांनी जिल्ह्यातलं एकेक गाव नेमून दिलंय.

"डी म्हणजे देवगाव फाटा."

"डी. पुढे?"

"ई म्हणजे एरंडेश्वर. बी म्हणजे बोरी. एफ म्हणजे फुलकळस."

"काका, फुलकळस पीएचनं लिहीत असतील ना?"

"पीएच तुमच्या पुण्यात. हितं एफ."

अनघानं परभणी जिल्हा कधी पाहिलेला नाही, पण इथली गावं तिला आता स्वतःच्या मामाच्या गावासारखी पाठ आहेत. माळ जुळली की माणिकराव "झाली तसदीक" म्हणतात, पंखा लावतात आणि चपला घालतात. मग कुठे आम्ही मोठ्यानं बोलू शकतो.

हा स्वभाव फाईलींपुरता नाही. परभणीला एसटीनं कुणाला पिशवी पाठवायची असली तर ते आधी कंडक्टरचा नंबर घेतात. गाडी मानवतला पोचली असेल अशा बेतानं फोन करतात, "पिशवी हाय न्हवं जाग्यावर?" पाथरीच्या स्टँडवर असे दोन कंडक्टर आहेत, जे माणिकरावांना पिशवी घेऊन येताना पाहिलं की चहाला जातात.

पासवर्डाची गोष्ट आणखी वेगळी. तो ते कुठेही लिहीत नाहीत, अनघालाही फोनवर तोंडीच सांगतात. "लिव्हलं की ते दुसऱ्याचं झालं." कुलूप लावून झालं की ऑफिसातली उघडी फाईल पुसून टाकतात. मी एकदा म्हटलं, एक प्रत राहू द्या, अडीअडचणीला. त्यावर ते म्हणाले, "घराला कुलूप लावून खिडकी उघडी कोन ठेवतंय म्याडम?"

या उन्हाळ्यात एका शनिवारी त्यांच्या अंगात ताप होता. तशातच त्यांनी फाईलीला कुलूप लावलं आणि घरी गेले. सोमवारी आले, चपला काढल्या, टॉवेल ओढला, फाईल पाठवली. देवगाव फाटा, बोरी, फुलकळस, सगळं जुळलं. मग नेहमीप्रमाणे अनघानं विचारलं, "काका, आता पासवर्ड सांगा."

माणिकरावांनी टॉवेलमध्ये तोंड घालून काहीतरी सांगितलं. ते चुकलं. दुसरं सांगितलं. तेही चुकलं. तिसऱ्यानंतर त्यांनी टॉवेल डोक्यावरून काढला. चालू कामात टॉवेल काढलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

पुण्याला संध्याकाळी नोंदी बंद होणार होत्या. तेवढ्या वेळात गावोगावची माणसं पुन्हा विहिरीवर पाठवणं आणि आकडे पुन्हा भरणं कुणालाही शक्य नव्हतं. ज्या गावांच्या विहिरींचा तळ दिसत होता, ती गावं टँकरच्या रांगेतून बाहेर पडणार होती.

"माणिकराव, काय घातलं होतं? काहीतरी अंदाज?" मी विचारलं.

ते म्हणाले, "म्याडम, शेळी आठवंना."

तेव्हा कळलं. त्यांच्या मायनं जन्मभर शेळ्या-मेंढ्या राखल्या. वाड्यातली एकेक शेळी नावानं हाक मारली की यायची. माणिकरावांचे सगळे पासवर्ड म्हणजे त्या शेळ्या. दर वेळी नवी.

"ह्या बारीला एका शिंगाची घातली. रूप दिसायलंय, नाव येईना. चाळणीतला भरडा खायची न्हाई, ताज्या पाल्यालाच तोंड लावायची. तापात कसं सुचलं कुनास ठावूक. तिचं नाव मी कधी काढीत नसतो."

"घरात कुणाला माहीत असेल?"

"अक्काला." त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "पन आमी बोलत न्हाई."

अक्का त्यांची थोरली बहीण, चुडाव्याला दिलेली. माय गेली, तेरावा झाला, आणि राखायला कुणी नाही म्हणून माणिकरावांनी सगळा कळप व्यापाऱ्याला देऊन टाकला. अक्कानं जमिनीत, भांड्यात काही मागितलं नव्हतं. मायची आठवण म्हणून तिला ती एका शिंगाची शेळी तेवढी हवी होती. न्यायला आली तर वाडा रिकामा. तेव्हापासून अबोला.

आता त्याच शेळीचं नाव त्याच बहिणीला विचारायचं होतं. माणिकरावांनी फोन हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. पासवर्ड सोडला तर फोनवर ते नेहमीच ओरडून बोलतात आणि पलीकडचा आवाजही मोठा ठेवतात, त्यामुळे सगळं ऑफिस ऐकत होतं.

"कोन?"

"म्या. माणिक."

"कोन मेलं?"

"कुनी न्हाई, अक्का. एक इचारायचं व्हतं. आपली ती एका शिंगाची शेळी... तिचं नाव काय व्हतं?"

फोन बंद झाला.

माणिकराव फोनकडे बघत बसले. मी पुण्याला वेळ वाढवून मिळतो का ते विचारायला उठले, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"कशाला पायजे तुला तिचं नाव?" अक्कानं विचारलं.

"पुण्याला धाडायचंय."

"शेळी?"

"शेळी कुठली? नाव. कुलपाचं हाय ते."

"येडा झालास का रं? नावाचं कुलूप?"

"व्हय. सगळ्यांची नावं घालतोय मी. तांबडी, चंद्री, लंगडी मैना... सगळ्या झाल्या. हीच ऱ्हायली व्हती."

अक्का म्हणाली, "ईकलीस तवा न्हाई इचारलंस नाव."

"न्हाई इचारलं," माणिकराव म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच एवढा खाली आलेला.

"नवाबीण," अक्का म्हणाली. "माय नवाबीण म्हनायची तिला." आणि तिनं फोन ठेवला.

माणिकरावांनी पुण्याला नाव सांगितलं, टॉवेल न ओढता, आम्हा सगळ्यांसमोर. अनघानं इंग्रजीत 'व्ही' घालून पाहिलं, उघडेना. 'डब्ल्यू' घालून पाहिलं.

"उघडली, काका. सगळी गावं आहेत."

आम्ही टाळ्या वाजवल्या, चहा सांगितला. माणिकराव चहाला थांबले नाहीत. अक्काला पुन्हा फोन लावत अनवाणीच बाहेर ओट्यावर गेले. खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती. या खेपेला ते ओरडत नव्हते. बहुतेक ऐकतच होते. मधूनच एखादा शब्द आत येत होता.

"हां... हां, ताप उतरला... न्हाई, एकलाच असतोय... म्याच करतो. भाकर मोडती, पन चालतंय."

इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसून मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

त्यांच्या गावाला जाणारी जीप समोर येऊन उभी राहिली. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. माणिकरावांनी मागे वळून न बघता मोकळ्या हातानं तिला पुढे जायची खूण केली, आणि ओट्याच्या कडेला खाली बसले.