मेणाला सगळं ऐकू येतं

छावणीत नईमभाईंच्या कारखान्यात शिरायचं तर आधी बाहेरच्या पायरीवर बसून राग उतरवावा लागतो. थट्टा नाही. कपाळावर एक आठी दिसली, की ते दारात हात आडवा धरतात. "बसा जरा. आत मेण वितळलंय."

नईमभाई जावा बेटावर जाऊन बाटिक शिकून आले. कापडावर गरम मेणानं नक्षी काढायची, मग रंगात बुडवायचं. मेणाखालचं तेवढं कोरं राहतं. विद्या एवढीच. पण विद्येबरोबर त्यांनी एक श्रद्धाही आणली, की वितळलेल्या मेणाला सगळं ऐकू येतं. भांडण ऐकलं की ते तडकतं, खोटं ऐकलं की पसरतं. एकदा मी तिथं बसून मेहुण्याला फोनवर म्हणालो, "दुकानात गिऱ्हाईक आहे, नंतर बोलतो." नईमभाईंनी न बोलता कापडावरचा ओघळ दाखवला.

"बघा साहेब. तुमचं गिऱ्हाईक."

माझं औरंगपुऱ्यात चष्म्याचं दुकान आहे. काचांवर उडालेलं मेण काढून घ्यायला ते येतात, आणि काचा पुसून होईपर्यंत तीनदा विचारतात, "गॅस बंद केला असेल ना मी?" जगाला शांती शिकवणारा हा माणूस स्वतः मात्र सदा धास्तावलेला. कारखान्यासमोर रिक्षा थांबली तरी दचकून मान वर. फक्त मेण ओतायची तांब्याच्या तोटीची लेखणी हातात आली, की रेघ जराही हलत नाही.

मेणाच्या भांड्यापाशी दोन स्टुलं आहेत. एकावर ते बसतात. दुसऱ्यावर मी बसायला गेलो की ओरडतात, "नक्को! ते बुक आहे."

"कुणासाठी?"

"गिऱ्हाईकासाठी."

गिऱ्हाईक शेजारीच उभं असतं, पाय अवघडून.

तर माझ्या भाचीचं, मनूचं लग्न ठरलं. नईमभाई म्हणाले, "अंतरपाट माझ्याकडून." चांदण्यांची नक्षी, आणि मधोमध जागा कोरी. "तिथं तुमचे गुरुजी स्वस्तिक काढतील ना, म्हणून." लग्नाच्या आदल्या दिवशी वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं माझ्या हाती दिलं. "उघडायचं नाय. बोहल्यावरच उघडायचं. नजर लागते."

बीड बायपासवरचं कार्यालय. नवरदेव पाटावर उभा, मनू हार घेऊन उभी, तिच्यामागे मामा म्हणून मी. गुरुजींनी पुडकं सोडलं आणि चष्मा वर केला.

"अहो मामा, स्वस्तिक काढू कुठं?"

कोरी जागा नव्हतीच. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या तिरप्या, वळणदार सुऱ्या. चांदणी औषधालाही नाही. तेवढ्यात माझ्या खिशात फोन थरथरला.

"साहेब, उघडू नका! तुमच्याकडं हॉटेलच्या भिंतीचं कापड आलं!"

"उघडलं."



"दोघांच्या मधी धरलं तर नाय ना?"

"अजून नाही."

"धरू नका, तुम्हाला कसम आहे! ती परांग आहे, सुऱ्यांची नक्षी. राजाच्या अंगावर शोभते, भिंतीवर शोभते. लग्नात आली की मियाँ-बीवीच्या मधी सुरी फिरते. जावाची म्हातारी माणसं सांगतात. मी रिक्षात बसलो, निघालो!"

आता माझा काही सुऱ्यांवर विश्वास नाही. पण त्या आवाजावर होता. गुरुजी तर म्हणायला लागले, "नक्षीवरच काढतो स्वस्तिक, मुहूर्त टळतोय." दोन पाहुण्यांनी कापडाची टोकं धरली. मला दुसरं काही सुचेना. मी छातीवर हात ठेवला, डोळे फिरवले आणि मनूच्या मागे फतकल मारून खाली बसलो.

"दादा!" बहीण किंचाळली. मग खाली वाकून माझ्या कानात म्हणाली, "नाटक करतोयस ना? आत्ता?"

"साखरपाणी मागव," मी पुटपुटलो. "सावकाश."

साखरपाणी आलं. मी ते घोट-घोट प्यालो. व्याही वारा घालत होते, गुरुजी घड्याळ दाखवत होते. आणि दारात नईमभाई दिसले. एका पायात चप्पल, छातीशी चांदण्यांचं कापड. मी खूण केली, या! तर हा गृहस्थ काय करतो? मुहूर्त निसटत असताना कार्यालयाच्या पायरीवर बसतो. डोळे मिटून. घाबऱ्या हातानं असं कापड द्यायचं नसतं म्हणून.

मग उठले, शांतपणे आले आणि गुरुजींच्या हाती अंतरपाट ठेवला. कोऱ्या जागेत कुंकवाचं स्वस्तिक बरोबर मावलं. मला तत्काळ बरं वाटलं.

जेवताना नईमभाईंच्या पानात जिलेबी तशीच पडून होती. मी चिडवलं, "काय हो, कापडानं कुठं संसार मोडतो?"

"माझा मोडला ना," ते म्हणाले. "निकाहला मी परांग पांघरली होती. माझं पहिलं चांगलं काम. जावाच्या उस्तादांनी नको म्हटलं होतं, मी हसलो. शबाना माहेरी गेली ती गेलीच."

"ते कापडामुळे?"

त्यांनी जिलेबीचा तुकडा मोडला आणि परत ठेवला. "कापडामुळंच म्हणतो मी. नाय तर मग माझ्यामुळं म्हणावं लागतं."

मी त्यांच्या पेल्यात पाणी ओतलं. मग तेच सांगू लागले. या चांदण्या एका राणीनं काढल्या म्हणे. राजा तिच्याकडे यायचा बंद झाला, तेव्हा ती एकटी बसून कापडावर चांदण्या काढत राहिली. एक दिवस राजा सहज बघायला आला. दुसऱ्या दिवशीही आला. मग शेजारी बसायला लागला.

"बसायला," मी म्हणालो.

"हौ. बसायला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

परवा छावणीत गेलो. नईमभाई वाकून चांदण्या काढत होते, शेजारचं स्टूल रिकामंच. मी आपण होऊन पायरीवर बसलो. बाहेर रिक्षा थांबली. त्यांची मान वर झाली, कोण उतरतंय ते पाहिलं, मान खाली गेली. रिक्षा निघून गेली.

"गिऱ्हाईक वाटलं," ते म्हणाले.

कापडावर ओघळ आला का, ते पाहायचं मी टाळलं.