तापीबाईंच्या शोधात बोरसेभाऊ

५ ऑक्टोबर. माळ्यावरची पितळी भांडी उतरवून मोडीत घालायची.

एवढं एकच काम हातात घेतलं होतं, तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे बोरसेभाऊ आले. बोरसेभाऊ कोणाकडेही गेले की माणसांकडे बघत नाहीत, भांड्यांकडे बघतात. पाणी दिलं तर आधी तांब्या फिरवून काठावर कोरलेलं नाव वाचतात, मग पितात.

"काठ दखाडा, बेन," म्हणजे भांड्याचा काठ दाखवा, हा त्यांचा नमस्कार.

भाऊ मूळचे खानदेशातले. आयुष्य इकडे सचिन गावातल्या, कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये गेलं. निवृत्तीनंतर एकच उद्योग : आपल्या आजीचा, तापीबाईंचा माग काढणं. गावी जाऊन कचेऱ्यांत खेटे घातले. सातबारा नाही, कारण जमीन नव्हती. शाळेचा दाखला नाही, कारण शाळा नव्हती. मृत्यूची नोंद मिळाली, तर तिच्यात आजोबांचं नाव आणि पुढे 'यांची बायको'. म्हणून मग भांडी. आहेराच्या भांड्यावर नाव असतं, हे आम्हालाही पटलं होतं.

पण तापीकाठी दर तिसरी म्हातारी तापीबाई. अशा कितीतरी त्यांना पार कतारगाम वस्तीपर्यंतच्या स्वयंपाकघरांत, भांड्यांच्या काठांवर भेटल्या. एकही त्यांनी घरी आणली नाही. आणली ती भलतीच भांडी.

"काकू, त्यांना काही नेऊ देऊ नका हं," त्यांची सून मला जिन्यात गाठून सांगते. "पलंगाखाली पाय जात नाही."

माझी कंबर धरली होती. भाऊ मात्र फरशीवर बसून एकेक भांडं फिरवत होते. सासूबाईंचं ठसठशीत नाव असलेला डबा त्यांनी बाजूला सारला आणि एक घंगाळ उचललं.

"हाई लई जाऊ?"

"त्यावर नाव कुठंय?"

"नही ना. घासीघासी गयं."

"अहो, मग उपयोग काय?"

भाऊंनी काठावरून अंगठा फिरवला. "मन्ही आजीनं कोनले आहेर दिना नही, बेन. तिनाकडे काय व्हतं? ती लगनमा दुसरास्ना भांडा घासे. राख नि चिंच. तिना मांगे मांगे मी फिरू."

मी खरं ते सांगितलं, "हे घंगाळ नाशिकचं आहे, भाऊ. तुमची आजी तिकडे कधी गेली होती?"

"नही," भाऊ म्हणाले. "पन कोनी तरी घासं व्हई ना."

"न्या. सुनेला माझं नाव सांगू नका."

आमच्याकडे भांडी घासायला येते तिला सगळी सोसायटी गुजरातीत 'मासी', म्हणजे मावशी, म्हणते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला तिचं नाव विचारलं.

तिचा हात थांबला. "का बेन? घरातलं काही चोरीला गेलं का?"