भोकं असलेलं पान

मम्मीने मोबाइलवर एका चौकोनात बोट टेकवलं, एवढंच झालं. बाकी सगळं त्यानंतर झालं, आणि त्यातलं बरंचसं माझ्यामुळे.

त्या चौकोनाचा अर्थ असा होता, की दर गुरुवारी टेकडीपलीकडच्या शेतातून ताज्या भाजीची एक पेटी आमच्या दारात येणार. इथे इंग्लंडात, आमच्या डेव्हनमध्ये, बऱ्याच घरी अशी पेटी येते. प्रश्न एवढाच होता, की आमच्याकडे भाजी आधीच होती. गावाबाहेरच्या सार्वजनिक मळ्यात आम्ही भाड्याने घेतलेला एक लांबट तुकडा आहे. त्यावर एक लाकडी खोपटं, खोपट्यात एक खुर्ची आणि खुर्चीत, टपाल वाटून झालं की, माझे डॅडी. या तुकड्यासाठी डॅडींनी प्रतीक्षायादीत नाव लावलं तेव्हा मी जन्मलेही नव्हते, आणि मळ्याची चावी हातात आली तेव्हा मी खुरपं धरण्याइतकी मोठी झाले होते. (मी खुरपं धरलं नाही, तो भाग वेगळा.)

"पेटी?" डॅडी म्हणाले. "भाजीची? आपल्याकडे?"

"आयव्हर, जूनपासून आपण झुकिनी खातोय," मम्मी म्हणाली. "सूप झुकिनीचं, केक झुकिनीचा. परवा ऑफिसात मी डबा उघडला, तर झाकण निघायच्या आतच सगळ्यांची पोटं भरली."

"मग चार्ड आहे की."

"तेच म्हणतेय मी. चार्ड आहेच."

(चार्ड म्हणजे पालकाचा धिप्पाड चुलतभाऊ. एकदा लावला की तो घरचाच होतो, जायचं नाव घेत नाही.)

आमच्याकडे भांडण झालं की कोणी आवाज चढवत नाही. आवाज उतरतो, आणि जो तो दुसऱ्याला मीठ हवंय का विचारायला लागतो. त्या संध्याकाळी मिठाचं भांडं टेबलावर टेकलंच नाही.

गुरुवारी पेटी आली. मम्मीने समारंभाने झाकण काढलं. वर झुकिनी होत्या. झुकिनीखाली बीट, बिटाखाली घेवडा आणि तळाशी, जरा अंग चोरून बसलेला चार्ड. सोबत एक छापील कागद होता. त्याचा मथळा होता, 'झुकिनी उरली तर काय कराल?'

डॅडींनी तो कागद मोठ्याने वाचला. नंतर पुन्हा एकदा वाचला.

"हिलरी, तू पैसे देऊन ऑगस्ट महिना विकत घेतलास," ते म्हणाले. "तो आपल्याकडे फुकट येतो."

"फुकट? तुझं बियाणं, तुझं खत, त्या जाळ्या, ते खोपट्याचं छप्पर! पेटी स्वस्त पडेल, आयव्हर. आणि चव तरी बघ यांची."

"चव? चवीचं बोलूच नकोस. चव माझी!"

"बरं. मग चवीवरच ठरवू. तुझी भाजी जिंकली तर मी पेटी बंद करते. पेटी जिंकली तर तू मळ्याची चावी परत कर."

मम्मी हे रागाच्या भरात बोलली होती, आणि बोलल्या बोलल्या तिला ते कळलंही असावं. पण डॅडी ताठ बसले आणि "ठीक आहे" म्हणाले. आता माघार कोणालाच घेता येईना.

"परीक्षक कोण?" मम्मीने विचारलं.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

मी कशी आहे ते सांगायला हवं. बसमध्ये उतरायची घंटा दाबायला मला लाज वाटते. दुसऱ्या कोणी दाबली नाही, तर मी पुढच्या थांब्यावर उतरते आणि मागे चालत येते. शाळेत हजेरी घेताना मी इतक्या हळू 'हजर' म्हणते, की मला बरेचदा गैरहजर धरतात. अशा मुलीला यांनी न्यायाधीश केलं.

निकाल माझ्या मनात आधीच लागला होता. मम्मी हरली तर तिची एक पेटी जाणार होती. डॅडी हरले तर त्यांची खुर्ची जाणार होती. तेव्हा डॅडींनाच जिंकवायचं. अडचण एवढीच, की डोळे बांधल्यावर डॅडींची भाजी ओळखायची कशी?

शुक्रवारी जेवणाआधी मम्मीने माझ्या डोळ्यांवर भांडी पुसायचा टॉवेल बांधला. समोर दोन ताटल्या ठेवल्या. दोन्हीत चार्डची कोवळी, कच्ची पानं. मी पहिल्या ताटलीत हात घातला. पान सबंध होतं, गुळगुळीत, दुकानातल्यासारखं. दुसऱ्या ताटलीत हात घातला, आणि माझं बोट पानातून आरपार गेलं.

भोक! मी मनातल्या मनात टाळी वाजवली. विकतच्या मालाला भोकं कशी असतील? भोकं म्हणजे गोगलगायी, गोगलगायी म्हणजे मळा, मळा म्हणजे डॅडी. मी पान तोंडात टाकलं, चावल्यासारखं केलं आणि जाहीर केलं, "ही! ही दुसरी. ही गोड आहे आणि हिच्यात... हिच्यात जीव ओतलाय." (टीव्हीवरचे आचारी असंच बोलतात.)

मी टॉवेल काढला. मम्मी जिंकली होती, पण तिचा चेहरा एखादं भांडं फुटल्यासारखा झाला होता.

"टॅमी," ती हळूच म्हणाली, "ती पेटीतली."

त्या शेतावर औषध फवारत नाहीत म्हणे. त्यामुळे त्यांच्या गोगलगायी मजेत असतात. हे पेटीवर ठळक लिहिलेलंही होतं.

"छान," डॅडी म्हणाले. "खरं सांगितलंस. तेच महत्त्वाचं." मग ते उठले आणि एक स्वच्छ ताटली कितीतरी वेळ धूत राहिले.

"मीठ हवंय का, आयव्हर?" मम्मीने विचारलं. जेवण अजून वाढलंही नव्हतं.

रविवारी मळ्यात चहा असतो. सगळे भाडेकरू आपापल्या खुर्च्या घेऊन जमतात आणि एकमेकांच्या भाजीला नावं न ठेवता नावं ठेवतात. डॅडी पुढे चालत होते, चावी एका पाकिटात घालून. मागे मम्मी झुकिनीचा केक घेऊन. सर्वांत मागे मी, बोलायचं वाक्य ओठांत घोळवत. ते वाक्य घरापासून मळ्यापर्यंत तीनदा बदललं, आणि दर वेळी आणखी लहान झालं.

मळ्याच्या मंडळाच्या अध्यक्ष मिसेस पॅस्को किटलीपाशी होत्या. डॅडींनी पाकीट पुढे केलं. "मिसेस पॅस्को, जरा बोलायचं होतं. चावीबद्दल."

"थांबा!" मी ओरडले. माझा आवाज इतका मोठा असेल याची मलाही कल्पना नव्हती. दोन कबुतरं उडाली. "मी चव घेतलीच नव्हती! मी भोकं बघितली! भोकं असलेली पानं डॅडींची असतील असं मला वाटलं, म्हणून मी ती निवडली. पण डॅडींच्या पानाला एकही भोक नव्हतं!"

मिसेस पॅस्कोंनी कप खाली ठेवला. "एकही नाही?"

"एकही नाही!" मी अभिमानाने म्हणाले. (लाजाळू माणसाने एकदा तोंड उघडलं, की ते बंद कसं करायचं हे त्याला माहीत नसतं.)

सगळ्यांचे चमचे थांबले. आमच्या मळ्याचा एक नियम आहे: विष टाकायचं नाही.

"या ओल्या उन्हाळ्यात?" म्हातारे मिस्टर जेल्बर्ट म्हणाले. "माझ्या लेट्यूसमधून पलीकडचं दिसतं."

"आयव्हर," मिसेस पॅस्कोंनी विचारलं, "विषाच्या निळ्या गोळ्या टाकतोस?"

"नाही! शप्पथ नाही!"

"मग तुझ्या गोगलगायी जातात कुठे?"

डॅडींचा रंग बिटासारखा झाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला जमिनीत शिरावंसं वाटलं, पण तिथे बटाटे होते.

"मला त्या मारवत नाहीत," डॅडी पुटपुटले. "मी बादलीत गोळा करतो. आणि मग... पलीकडे सोडतो."

"कशाच्या पलीकडे?"

डॅडींनी कुंपणाकडे बोट केलं. सगळ्यांनी वळून पाहिलं. कुंपणापलीकडे मिसेस पॅस्कोंचा कोबी होता. म्हणजे कोबी कधीकाळी तिथे होता. आता नुसत्या शिरा उभ्या होत्या.

"दोन वर्षं," मिसेस पॅस्को म्हणाल्या, "दोन वर्षं मी कबुतरांना शिव्या देतेय."

"आयव्हर!" मम्मीच्या हातातला केक कलला. "बादल्या भरभरून? अध्यक्षांच्या कोबीवर?"

"घ्या," डॅडींनी मान खाली घालून पाकीट पुन्हा पुढे केलं. "मला आता इथे तोंड दाखवायला जागा नाही."

मिसेस पॅस्कोंनी पाकीट परत ढकललं. "पळतोस होय? तुझं गोगलगायींचं सगळं खटलं माझ्याकडे राहायला पाठवलंस, ते कोण परत नेणार? उद्या नवा माणूस आला तर तो हात वर करेल. नाही, आयव्हर. तू इथेच राहायचं. माझ्या कोबीला अख्खं पान येईपर्यंत तुला सुट्टी नाही."

डॅडींनी चावी खिशात घातली. लाजेने त्यांचे कान पेटले होते, पण खिशावरचा हात काही निघेना. मम्मीने ते बघितलं, मोबाइल काढला आणि पेटी बंद करून टाकली.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती.

"पण मग चव कुणाची चांगली?" मिस्टर जेल्बर्टनी विचारलं. "पोरीने जिभेला तर लावलं असेल ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि माझं तोंड अजून बंद झालेलं नव्हतं.

"मला चार्ड आवडत नाही," मी म्हणाले.

"झुकिनी?" मम्मीने सावकाश विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली.

"बीट?" डॅडी म्हणाले. "बीट तर तू दोनदा घेतेस."

"तुम्ही दोनदा वाढता."

"मग मी हे उन्हातान्हात राबून पिकवतोय कोणासाठी?"

"आणि मी पेटी कोणासाठी मागवली?" मम्मी म्हणाली. "पोरीच्या पोटात जरा वेगळं जावं म्हणूनच ना! अगं, बोलली का नाहीस?"

"सगळे 'आणखी घे' म्हणायचे," मी म्हणाले. "'आवडतं का' असं कोणी विचारलंच नाही."

कितीतरी दिवसांनी माझे आईवडील एका बाजूला उभे होते आणि एकाच माणसाकडे बघत होते.

मिसेस पॅस्कोंनाच माझी दया आली. खोपट्यामागची बादली आणून त्यांनी ती माझ्या हातात दिली. "तोंडावर खरं बोलणारं माणूस हल्ली मिळत नाही," त्या म्हणाल्या. "दर रविवारी माझ्याकडून किती परत जातात ते तू मोजून घे बाई, तुझा बाप लबाडी करेल. गोगलगायींची किळस नाही ना येत तुला?"

मी बादलीत पाहिलं. तळाशी काहीतरी ओलं, संथपणे माझ्याकडे निघालं होतं. एका दुपारी दोनदा खरं बोलून झालं होतं, तिसऱ्यांदा मला झेपलं नाही.

"छे," मी म्हणाले. "मला खूप आवडतात."