क्लचच्या गळतीबाबत अकरा घरांचं सौजन्य

यंत्र बिघडलं की ते माणसाला तसं सांगतं, आणि माणूस सुसंस्कृत असला की तो ऐकून न ऐकल्यासारखं करतो. या बाबतीत समुद्राकाठच्या कामिसाकी वाडीचा हात धरणारं गाव जपानच्या अख्ख्या शिकोकू बेटावर नाही. अकरा घरं, अकरा घरांच्या डोंगरउतारावर संत्र्याच्या बागा, आणि सगळ्यांत मिळून एक निळा छोटा ट्रक. ट्रकसोबत एक वही, वहीत एकच रकाना: 'गाडी कशी आहे?' गेल्या एकोणीस वर्षांत तिथे चार हजार दोनशे सहा वेळा 'उत्तम' लिहिलं गेलं. (एकदा कुणीतरी 'ठीक' लिहिलं होतं. ते कुटुंब पुढे ओसाकाला राहायला गेलं.)

शिगेनोआजी एक्याऐंशीच्या. शाळा चौथीपर्यंत, जीभ मात्र पदवीधर. ट्रकचा मंगळवार त्यांचा. तर एका मंगळवारी त्यांनी क्लच दाबला आणि पाय शिळ्या भातात रुतल्यासारखा मऊमऊ खाली गेला. पायडल वर येईना, गिअर करकरला. आजी समजायचं ते समजल्या: कुठंतरी तेल गळतंय. पण ऐंशी ओलांडलेल्या माणसाच्या हातात गाडी करकरली की गाडी तपासत नाहीत, लायसन तपासतात. ते मानानं परत केलं की फुलांचा गुच्छ मिळतो, आणि उरलेला जन्म सुनेच्या शेजारच्या सीटवर काढावा लागतो.

तेव्हा आजींनी पुढचं झाकण उघडून क्लचच्या छोट्या टाकीत गुपचूप तेल ओतलं, जमिनीवरचा डाग पुसला आणि वहीत लिहिलं: उत्तम.

असं सात महिने चाललं. डाग काही ऐकेना. मग 'ओल्या जागेविषयी सल्लागार मंडळ' स्थापन झालं. पहिल्या बैठकीत खेद व्यक्त झाला. दुसऱ्या बैठकीत त्या खेदाबद्दल आभार मानले गेले. तिसरीत 'गळती' हा शब्द ट्रकच्या मनाला लागेल म्हणून 'ओलसरपणा' ठरला. चौथीत चहा झाला. ट्रकखाली वाकून मात्र कुणी पाहिलं नाही, कारण वाकून पाहणं म्हणजे आधीच्या चालकावर संशय घेणं.

मग मंडळाचे अध्यक्ष निशिओका गोड वड्यांचा डबा घेऊन आजींच्या दारात आले.

"आजी, तब्येत काय म्हणते?"

"माझी? का, माझ्याखाली डाग पडलाय?"

"छे, छे! पण मंगळवारनंतर जरा ओलसर असतं. पाय जड झाला असेल तर विश्रांती घ्यावी, असं मंडळाला वाटतं. येत्या सोमवारी जमीन कोरडी दिसली, तर मग विषयच मिटला."

सून कानाए चहा ठेवत म्हणाली, "सासूबाई, माझ्या गाडीत क्लचच नाही. मजेत बसाल."

"तुझ्या गाडीत बसण्यापेक्षा मी संत्र्यांच्या खोक्यात बसून जाईन."

त्याच दुपारी आजींनी तादोकोरो मेकॅनिकला बोलावलं. त्यानं आडवं होऊन गिअरबॉक्सजवळच्या सिलिंडरची रबरी टोपी सोलली, तर तेल थेट त्याच्या मनगटावर. आतलं रबर गेलं होतं. नवं बसवलं, टाकी भरली, आणि मग नळीतली हवा काढायची म्हणून आजी वर पायडलवर, तो खाली.

"दाबा!"

"दाबलं!"

"धरून ठेवा!"

"धरलंय, मेल्या! एक्याऐंशी वर्षं धरूनच बसलेय!"

बुडबुडे संपले, पायडल टणक झालं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आधीपेक्षा मोठं थारोळं.

तादोकोरो पुन्हा खाली शिरला. "आजी, खाली सगळं ठणठणीत कोरडं. ओलं वरून येतंय."

"वरून म्हणजे देवाकडून?"

त्यानं सौजन्यानं हत्यारं आवरायला घेतली. (तोही याच वाडीचा.) फक्त टाकीच्या झाकणाखाली, तेल ओघळून ओघळून उडालेल्या निळ्या रंगाकडे बघत राहिला.

रविवारी पहाटे आजी ट्रकच्या शेडमध्ये खोक्यांमागे संत्रं सोलत पाळतीवर बसल्या. पाच वाजता निशिओका चवड्यांवर आले. खिशातून बाटली काढली, टाकीत ओतली, ट्रकला वाकून नमस्कार केला आणि गेले. मागून दुसरं घर. तिसरं. आजींची लाज राखायची म्हणून सगळी वाडी सात महिने तेल ओतत होती. कपभर तेल मावणाऱ्या टाकीत एकंदर एक्केचाळीस लिटर. सगळ्यांत शेवटी, सर्वांत मोठी बाटली घेऊन, कानाए आली.

आजींनी हातातली फोड गिळली. ओरडावं, तर दहा घरं दुपारपर्यंत वाकून माफी मागत बसणार. म्हणून त्यांनी थारोळं पुसलं, लोणच्याची एक रिकामी बरणी टाकीशेजारी ठेवली आणि तिच्यावर लिहिलं: 'इथे'.

सोमवारी जमीन कोरडी. मंडळानं नोंद केली: 'ओलसरपणा स्वेच्छेनं थांबला.' लायसन आजींकडेच राहिलं. बरणी दर आठवड्याला भरते, आजी ती रिकामी करतात. आजपर्यंत कुणी कुणाला काही विचारलेलं नाही. वहीत 'उत्तम' चालूच आहे.

हसलात? आज सकाळी तुम्हालाही कुणीतरी "काय, कसं चाललंय?" विचारलं असेलच. उत्तर काय दिलंत ते आम्हाला ठाऊक आहे. तेवढं एकदा वाकून स्वतःखाली बघून घ्या.