दिमडीस मान फुटली त्याची हकीकत

श्री मल्हारी समर्थ. ज्याच्या भंडाऱ्याने दगडही सोन्याचा दिसतो आणि ज्याचे दारी दिमडी वाजल्याविना दिवस उजाडत नाही, त्यास आधी दंडवत घालोन, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, कार्तिक मासी आमचे राज्यात जे वर्तमान घडले ते लिहितो. लिहिणार आम्ही खासा आईसाहेब. शाळा आम्ही दुसरीपावेतो पाहिली, तीही बाहेरूनच जास्त, म्हणोन अक्षर वाकडे असेल, गोष्ट सरळ आहे.

राज्य म्हणजे पाच खोल्या, एक परसू आणि दोन म्हशी. गादीवर आम्ही, युवराज आमचे चिरंजीव तुळशीराम, त्यांचे कुटुंब सूनबाई हर्षदा आणि एक नातू. सूनबाई शिकलेली, बोलण्यात गोड, पण भाकरी रोज एका अंगाने करपवणार, म्हणोन तिचे आमचे सूत कधी जमले नाही. आमचे वडील वाघ्या होते, देवाचे नावाने दिमडी आणि तुणतुणे वाजवीत, आणि दिमडी वाजवायचे आधी तिचे कातडे शेगडीवर शेकीत आणि मग तिचा आवाज डोंगरापलीकडे जाई. ते गेले आणि दिमडी भावाकडे गेली आणि तुणतुणेही भावाकडे गेले आणि आम्हास पितळी हंडा मिळाला. मुलीच्या हाती वाद्य देत नसत. हंडा चांगला होता, पण हंडा काही गात नाही. मग संसार जाहला, आणि कडबा कापताना डावी करंगळी अर्धी गेली, आणि वाद्याचे नाव आम्ही पुन्हा काढले नाही.

ऐसे असता एके दुपारी सूनबाई मोबाइल घेऊन बसली होती आणि त्यात एक बाई मांडीवर काहीसे घेऊन वाजवीत होती. गोल तोंड, त्यावर ताणलेले कातडे, आणि वर लांब दांडी आणि चार तारा. आम्ही डाळ निवडत होतो ती सोडून उठलो आणि बोललो, "अगं, ही तर दिमडी! हिला मान कुणी लावली?"

"आई, ह्याला बँजो युकुलेली म्हणतात."

"नाव राक्षसाचं आहे. तोंड मात्र माझ्या माहेरचं आहे."

इतके बोलोन आम्ही पुन्हा डाळीत हात घातला, पण डोळे भरले ते तिने पाहिले. मग तिने दुसरे दिवशी सकाळी मसलत मांडली की आईंना ते वाद्य घ्यावे आणि चंपाषष्ठीस देवापुढे वाजवावे. युवराज बोलिले, "आई, ह्या वयात? लोक हसतील."

आम्ही बोललो, "तुझ्या वरातीत तू नाचलास तेव्हाही हसले होते. मेलं का कुणी?"

मग आम्ही आणि सूनबाई एसटीत बसोन शहरावर चालोन गेलो आणि वाद्यवाले पोपटशेठ यांचे दुकान गाठले. दुकानी भिंतीवर तशी वाद्ये दोनच. एक लाल, चकचकीत, नवरीसारखे नटलेले. दुसरे कोपऱ्यात, जुने, तोंड पिवळे पडलेले, कोणी परत करून गेलेले. पोपटशेठांनी लाल खाली काढले आणि आमचा डावा हात पाहून बोलिले, "आजी, करंगळी अर्धी आहे तुमची. कशाला त्रास? नातवाला घेताय का?"

"नातवाला करंगळी पुरी आहे, पण त्याला अक्कल अर्धी आहे. मला दाखवा."

मग आम्ही वाजवले, तो आवाज बोदा वाटला. आमचे मनी आले की शेकल्याविना कोणती दिमडी बोलते? पोपटशेठ फोनवर वळले, आणि शेजारी चहावाल्याची कोळशाची शेगडी रसरसली होती, आणि आम्ही लाल वाद्य उचलोन त्यावर धरले. ते कातडे नव्हतेच. प्लास्टिक होते. पापडासारखे आकसले आणि फट् म्हणोन फुटले. पोपटशेठ फोन टाकून धावले, चहावाला उठला, रस्ता जमला. आम्ही फुटके वाद्य पाठीमागे लपवू लागलो.

तोच सूनबाई मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "शेठ, आईंना काही बोलू नका. शेका म्हणून मीच सांगितलं. माझी चूक. नवं तोंड बसवायचे पैसे मी देते."

तिने सांगितले नव्हते. तिला शेकणे म्हणजे काय हेही ठाऊक नव्हते. भरचौकात आमची लाज तिने आपल्या पदराखाली घेतली. आम्ही बोललो, "चल घरी. नको वाद्य. माझ्या नशिबात हंडाच आहे."

"ते जुनं अजून वाजवलं कुठं तुम्ही?" ऐसे म्हणोन तिने पिवळे वाद्य उतरवून घेतले. बोट मारले तो धप् बोलले. खरे कातडे, पण दमट हवेने सैल पडलेले. पुन्हा शेगडीपाशी जाण्यास आम्ही धजलो नाही, म्हणोन सूनबाईने ते स्वतः निखाऱ्यावर धरले आणि आम्ही बाजूने हुकूम सोडू लागलो, "लांब धर! अजून लांब! फिरव! भाकरी नाही ती!"

"भाकरी करपते माझी, आई. हे नाही करपू देणार मी."

कातडे ताणले आणि टण् बोलले, आणि पोपटशेठांनी हसत तारा सुरात लावल्या आणि किनारीस बसवलेले आट्याचे खिळे दाखवून एक लहानशी चावी आमचे हाती दिली. "आजी, शेकायची गरज नव्हती. चावी फिरवली की कातडं ताणलं जातं."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही सांगू दिलंत का?"

ते ऐकोन चहावालाही हसला आणि आम्हीही हसलो. मग आम्ही मांडीवर घेतले आणि तीन बोटे तारांवर ठेविली आणि उजव्या हाताने छेडले. तीन बोटे पुरली. तार बोलली तीच तुणतुण्याची आणि तिच्याखाली कातडे बोलले तेच दिमडीचे, आणि आमचे वडील दोन्ही हातांनी दोन वाद्ये सांभाळीत ते आमचे एका मांडीत येऊन बसले. फुटकी लाल नवरी दुकानातच राहिली. पिवळी घरी आली.

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस देवापुढे वाजवले. दोनदा चुकलो. लोक हसले नाहीत. युवराज पहिल्या रांगेत बसोन सर्वांहून मोठ्याने येळकोट म्हणत होते.

तात्पर्य, वाद्य एक मिळाले, माणूस एक मिळाले. पोपटशेठांचे चावीसाठी आणि चहावाल्याचे निखाऱ्यासाठी भले होवो. आमचे मागे हे वाद्य चिरंजीवांस जाणार नाही, सूनबाई हर्षदा हिच्याकडे जाईल, आणि चावीही तिच्याकडेच. हंडा तुळशीरामाने घ्यावा. आणि भाकरी करपली तरी आम्ही ती गोड मानून खाऊ. मिठाबद्दल मात्र बोलू.