केरबा गुरुजींची चौथी आंघोळ

सकाळी सहाला दहा मिनिटे कमी असताना केरबा गुरुजी उठले. त्यांनी वंदना म्हटली, चहाचे आधण ठेवले आणि न्हाणीतला गरम नळ सोडला. अंगणातले नवे यंत्र घुरघुरू लागले. त्यांच्या पत्नी पारूबाईंनी ऊन पाण्यात टॉवेल पिळला, आपल्या दुखऱ्या गुडघ्यांवर ठेवला आणि डोळे मिटले. डॉक्टरांनी रोज दोनदा शेक सांगितला होता आणि जुना गीझर दर महिन्याला जळत होता. म्हणून पुण्याहून मुलाने, आदर्शने, पाणी तापवणारा हा हीट पंप पाठवला होता. लातूरच्या कारागिराने तो आदल्याच दिवशी अहमदपूरच्या या घरी बसवला होता.

बसवताना शेजारच्या दगडोबांनी भिंतीवरून उलटतपासणी घेतली होती.

“आवाज किती करतंय?”

“पंख्याएवढा,” कारागीर म्हणाला.

“लाइट?”

“गीझरपेक्षा लई कमी.”

“आन् गरम हवा? एसीवानी माझ्या अंगणात फेकाल. त्याचं तोंड तुमच्याकडंच ठेवा, गुरुजी!”

गुरुजींनी त्याचे तोंड स्वतःच्या ओसरीकडे केले.

दहा वाजता दगडोबा आवाजाची तक्रार घेऊन आले. यंत्रासमोर उभे राहिले आणि तक्रार विसरले.

“गुरुजी, हे तर गार फेकून राहिलं की ओ!”

“ते हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतं,” गुरुजी सातवीच्या वर्गाला सांगावे तसे म्हणाले. “उरलेली हवा गार होते.”

बाहेर त्रेचाळीस अंश ऊन होते. दगडोबांनी घरून खुर्ची आणली. अकरापर्यंत ओसरीवर पाच खुर्च्या झाल्या. सव्वाअकराला यंत्र थांबले.

“काय झालं?”

“पाणी तापलं.”

“मंग संपवा की ते! आंघोळ करा.”

“सकाळीच केली.”

“दुसरी करा. पाव्हणे घामानं भिजून राहिलेत.”

बसलेल्या माणसाला ऊठ म्हणणे गुरुजींना आयुष्यात जमले नव्हते. ते न्हाणीत गेले. यंत्र सुरू झाले, ओसरीवर समाधानाचा सुस्कारा उमटला. तिसऱ्या दिवसापर्यंत गुरुजींच्या दिवसाला चार आंघोळी होऊ लागल्या. त्वचा सुरकुतली, नाक वाहू लागले. गुरुजी थकले की पाहुणे आळीपाळीने स्वतः आंघोळ करून मदत करीत.

त्या संध्याकाळी पारूबाईंनी नळ सोडला तेव्हा तो नुसताच खोकला. गच्चीवरची टाकी कोरडी होती आणि नगरपरिषदेचे पाणी यायला चार दिवस होते.

“तुमच्या चार आंघोळी झाल्या,” त्या म्हणाल्या, “माझा शेक एक बी न्हाई.”

“त्यांना कसं सांगू, सांग!”

बादली घेऊन, लंगडत, पारूबाई दगडोबांच्या बोअरवर गेल्या. परसात दगडोबांच्या पत्नी कस्तुराबाई धुराने लाल झालेल्या डोळ्यांनी चुलीवर हंडा तापवीत होत्या. त्यांची लेक उज्वला बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ अकरा दिवसांचे होते.

“बाळंतिणीला गार पाणी चालत न्हाई, बाई,” कस्तुराबाई म्हणाल्या. “दोन येळा हंडाभर तापवायलेय. या उन्हात जीव जाऊन राहिला.”

“आन् भाऊजी?”

“ते? ते तुमच्याकडं गारव्याला.”

पारूबाईंनी हंड्याकडे पाहिले, मग भिंतीकडे. दोघी बराच वेळ हळू आवाजात बोलल्या.

दुसऱ्या दिवशी सात वाजता कस्तुराबाईंच्या बोअरचा पाइप भिंतीवरून आला आणि गुरुजींची टाकी भरून गेला. दहाला खुर्च्या लागल्या. सव्वाअकराला यंत्र थांबले. सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिले. गुरुजींनी शिंकत टॉवेल उचलला.

“तुम्ही बसा,” पारूबाई आतून म्हणाल्या.

त्यांनी वाफाळत्या दोन बादल्या ओसरीवर आणून ठेवल्या. यंत्र घुरघुरू लागले.

“भाऊजी, उज्वलाच्या न्हाणाची येळ झाली. उचला.”

“मी?”

“पोरगी कुणाची हाय?”

खुर्च्यांमधून कोणीतरी हसले. दगडोबा उठले, बादल्या घेऊन फाटकातून गेले. परत आले तेव्हा बाळासाठी तिसरी बादली तयार होती, आणि त्यांच्या खुर्चीत पारूबाई बसल्या होत्या: गुडघ्यांवर ऊन टॉवेल, तोंडावर गार वारा.

दगडोबा क्षणभर उभे राहिले. मग त्यांनी तिसरी बादली उचलली.