सासूबाईंचा शहाणा बॉयलर

"बेसलाइन? माझ्या डाव्या हातचा मळ!" सासूबाईंच्या लॉन्ड्रीत उभं राहून जावयाने छाती फुगवली. "नवा बॉयलर आलाच नाही, तर हा जुना खटारा किती धूर ओकत राहील, तेवढंच मोजायचं. आकडा पुरेसा आला की आमच्या हवामान प्रकल्पातून नवा बॉयलर फुकट!"

सासूबाईंना तो हवाच होता. जुना असा काही खोकायचा की गिऱ्हाईक कपडे टाकून पळायचं! जितकं डिझेल जळेल तितका धूर, म्हणून जावयाने डिझेलच्या नळीला मीटर जोडलं, "रोजच्यासारखं चालू द्या" म्हणाला आणि शीळ घालत गेला.

आठवड्याने येऊन बघतो तर काय, आकडा जवळजवळ शून्य!

"आई, बॉयलर बंद होता?"

"मग! जावयाचं मीटर लागलेलं असताना धूर काढू? चार लोकांत तुमची मान खाली गेली असती! सगळं गार पाण्यात हातांनी धुतलं." त्यांचे हात पार सोलवटले होते.

जावयाने कपाळावर हात मारला. "अहो, धूर दिसला नाही तर बॉयलर विसरा!"

"असं होय! आधी बोलायचं की!"

बोलला तेच चुकलं. पुढचा आठवडाभर रिकामी यंत्रं वाफेवर फिरली, धुतलेल्या चादरी पुन्हा पुन्हा धुतल्या गेल्या. आकडा असा चढला, जणू आत लोखंड वितळवताहेत! आणि नेमक्या शेवटच्या दिवशी प्रकल्पाच्या तपासनीसबाई दारात!

"आधी शून्य, मग डोंगर? हे काय?"

जावयाने मनातल्या मनात हिशेब केला. बॉयलर तर गेलाच, आता नोकरीही जाणार!

"त्यांना काही बोलू नका हो," सासूबाई पुढे झाल्या. "आधी अब्रूसाठी मीच बंद ठेवला, मग हावेपोटी मीच पेटवला."

तपासनीसबाई खो खो हसत सुटल्या. "सगळीकडे हीच तऱ्हा! दोन्ही आकडे बाद. मीटर राहू दे. माणसं त्याला विसरली की खरं मोजमाप सुरू होतं."

सासूबाई विसरल्या! लवकरच मीटरवर ओले मोजे वाळू लागले. आकडा खरा निघाला, पुरेसाही निघाला, बॉयलर मंजूर झाला. हुश्श! जावयाच्या जिवात जीव आला.

"जावईबापू," नव्या बॉयलरवर फडकं फिरवत सासूबाई म्हणाल्या, "बेसलाइन म्हणजे तुम्ही मध्ये पडला नसतात तर काय झालं असतं, त्याचा अंदाज ना?"

"अगदी बरोबर!" जावई खुलला.

"मग मी सांगते. माझे हात सोलवटले नसते, आणि गिऱ्हाइकांच्या चादरी विरून मच्छरदाण्या झाल्या नसत्या!"

जावयाने मोजे बाजूला केले आणि गुपचूप मीटर सोडवायला घेतलं.